गिटारचा मजहब आणि गाण्याचा पासपोर्ट

गाणं न ऐकता त्यावर निकाल देणारे दोन प्रकारचे लोक आपल्याकडे आहेत. एक म्हणजे जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर उभं राहून मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराचा हिशेब मांडणारे. दुसरे म्हणजे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दुसऱ्यांच्या देशभक्तीची हजेरी घेणारे. एरवी हे दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात यंदा एका गोष्टीवर दोघांचं झकास एकमत झालं. जवळजवळ तीस वर्षांपूर्वीच्या एका रॉक अल्बममधलं गाणं आपल्या पोराने म्हणू नये, असं दोघांनीही ठरवलं. कारणं मात्र अगदी उलट होती. एकाला ते गाणं फार मुसलमानी वाटलं, दुसऱ्याला पुरेसं मुसलमानी वाटलं नाही.

हकिकत थोडक्यात सांगतो. नावगाव सांगत नाही, पोराला अजून इथेच राहायचं आहे. मुरबाड तालुक्यातला मुलगा, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन उभा राहिला आणि 'जुनून' या बँडचं 'सयोनी' गायला. टाळ्या पडल्या, वन्समोअर मिळाला. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ 'कॉलेजात पाकिस्तानी गाणं' या मथळ्याखाली फिरायला लागला. दुसऱ्या दिवशी चार-पाच जण घरी आले, आवाज न चढवता बोलले, आणि माफीचा व्हिडिओ करून घेऊन गेले. बाप घाबरला, जमातीकडे गेला. जमातीने काय करावं? पोराच्या पाठीशी उभं राहावं, कॉलेजशी बोलावं, गरज पडली तर पोलीस पाटलाला भेटावं. त्याऐवजी दोन बुजुर्गांनी त्याला समोर बसवून सांगितलं, 'गाणं-बजावणं हराम आहे, त्याचीच ही सजा आहे. गिटार विकून टाक.'

म्हणजे पोराने दोन दिवसांत दोन वेळा माफी मागितली. एकदा मुसलमान असल्याची आणि एकदा पुरेसा मुसलमान नसल्याची.

आता ज्या अल्बमवरून हे सगळं घडलं, त्याच्याबद्दल बोलू. 'आझादी' हा 'जुनून'चा चौथा स्टुडिओ अल्बम, 1997चा. फाळणीला आणि स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली ते वर्ष. बँड 1990 साली लाहोरमध्ये उभा राहिला. गिटारवर सलमान अहमद. हा गृहस्थ लाहोरच्या किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि स्टेथोस्कोप बाजूला ठेवून त्याने गिटार उचलली. गायक अली अजमत. आणि बास गिटारवर ब्रायन ओकॉनेल, न्यूयॉर्ककडचा अमेरिकन, सलमानचा शाळेतला दोस्त. म्हणजे ज्याला आमचे ग्रुपवाले 'पाकिस्तानी गाणं' म्हणतात आणि जमातवाले 'काफिरांची नक्कल' म्हणतात, त्या गाण्याचा पाया एक अमेरिकन ख्रिस्ती माणूस वाजवतोय. ही माहिती दोन्ही बाजूंना नव्हती. असण्याचं कारणही नव्हतं, कारण दोघांनीही गाणं पूर्ण ऐकलेलं नव्हतं.

आमच्या पिढीला हा अल्बम कसा मिळाला, तेही सांगायला हवं. 1998 साली केबल टीव्ही तालुक्याच्या गावात पोचला होता. चॅनल व्ही आणि एमटीव्हीवर 'सयोनी' दिवसातून इतक्या वेळा लागायचं की घरातल्या म्हाताऱ्यांनाही चाल पाठ झाली. कॅसेट घ्यायची तर कल्याणला जावं लागे. मुरबाडहून एसटी, शहापूरकरांना आसनगावहून लोकल. एकाने विकत घ्यायची आणि बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची, असा रिवाज होता. माझ्याकडची कॅसेट भरलेलीच होती. एका बाजूला 'आझादी' आणि दुसऱ्या बाजूला, जागा उरली म्हणून, अजय-अतुलच्याही आधीच्या काळातली कोळीगीतं. ती कॅसेट माझ्याकडून आमच्या आळीतल्या एका भंडारी मित्राने नेली, त्याच्याकडून त्याच्या आतेभावाने किन्हवलीला नेली आणि ती परत आली नाही. त्या वेळी कुणी कुणाला विचारलं नाही की हे गाणं कुठल्या देशाचं. पोखरणचा स्फोटही त्याच उन्हाळ्यातला होता, हे लक्षात ठेवा.

अल्बम कसा आहे? माझं मत विचाराल तर अर्धा उत्तम, अर्धा ठीक. त्याच्या आदल्या वर्षीचा 'इन्किलाब' जास्त रांगडा आहे. 'आझादी'त सफाई आहे आणि काही ठिकाणी ती सफाई गाण्याला मारते. पण 'सयोनी'त ढोलक-तबल्याच्या ठेक्यावर गिटार जी बसवली आहे, ती ऐकताना कळतं की ही मंडळी पाश्चात्त्य वाद्य उसनं घेऊन मिरवत नाहीयेत. तो ठेका कव्वालीचा आहे. दर्ग्यात उरुसाला ज्याने रात्र काढली आहे त्याला तो ओळखायला दोन सेकंद लागत नाहीत. 'यार बिना'त अली अजमतचा आवाज फाटतो, आणि फाटतो तेव्हाच तो चांगला लागतो. 'खुदी'त इक्बालांची शायरी घेतली आहे. मला ती चाल थोडी घाईची वाटते, पण एक गोष्ट कबूल करावी लागेल: इक्बालांचं नाव ज्यांनी फक्त परीक्षेपुरतं वाचलं असतं, अशा पोरांच्या तोंडी त्या ओळी या गाण्याने घातल्या.

आणि याच गोष्टीचा तिकडे राग आला. पाकिस्तानात इक्बाल म्हणजे राष्ट्रकवी. त्यांचा शेर इलेक्ट्रिक गिटारवर? तिथल्या सोवळ्या मंडळींना तो अपमान वाटला. त्याआधी 'एहतेसाब' या गाण्यात बँडने राज्यकर्त्यांच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवलं होतं. व्हिडिओत पंचतारांकित हॉटेलात घोडा जेवायला बसलेला दाखवला होता, तो सरकारी टीव्हीवर रोखला गेला. मग नवाज शरीफ आले. त्यांच्या काळात सरकारी वाहिनीवर लांब केस आणि जीन्स यांच्यावरच संक्रांत आली. 'जुनून'कडे दोन्ही भरपूर होतं. पण खरा भडका उडाला मे 1998 मध्ये. भारताने 11 आणि 13 मे रोजी स्फोट केले, पाकिस्तानने 28 मे रोजी उत्तर दिलं. दोन्हीकडे मिठाई वाटली जात होती. अशा वेळी हा बँड म्हणाला की बॉम्बऐवजी शाळा आणि दवाखान्यांवर पैसा घाला. झालं. देशाच्या भूमिकेविरुद्ध बोलल्याचा ठपका आला, देशद्रोहाची भाषा झाली आणि सरकारी टीव्ही-रेडिओवर बंदी आली.

आमच्या ग्रुपवरच्या देशभक्तांना मी हे मुद्दाम सांगतो. तुम्ही ज्या गाण्यासाठी पोराकडून माफी लिहून घेतली, ते गाणाऱ्यांना पाकिस्तानच्या सरकारनेच देशद्रोही ठरवलं होतं. अणुबॉम्बला विरोध केला म्हणून. तुमचा आणि नवाज शरीफांचा या बँडबद्दलचा निर्णय शब्दशः एकच आहे. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

इकडे भारतात त्याच 1998 साली चॅनल व्हीने 'जुनून'ला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय बँडचा पुरस्कार दिला. 'सयोनी' आठवड्यांमागून आठवडे यादीत वर होतं. ते ऐकणारे सगळे मुसलमान नव्हते, बहुतेक नव्हतेच. म्हणजे ज्या उन्हाळ्यात दोन देश एकमेकांवर बॉम्ब रोखून उभे होते, त्या उन्हाळ्यात डोंबिवली-कल्याणची पोरं पाकिस्तानी बँड गुणगुणत होती आणि त्यामुळे देशाचं काडीचं नुकसान झालं नाही. पुढचं वर्ष कारगिलचं. त्या युद्धात लढलेल्या जवानांपैकी कितीतरी जणांनी वर्षभर आधी हेच गाणं ऐकलं असेल. कुणी त्यांच्या निष्ठेवर शंका घेतली का?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1991 मध्ये पाकिस्तानच्या संघाला विरोध म्हणून वानखेडेची खेळपट्टी खणली गेली. ऑक्टोबर 2015 मध्ये जगजीत सिंग यांच्या आठवणीत गुलाम अलींचा मुंबईत कार्यक्रम होता, धमकीनंतर तो रद्द झाला. गुलाम अलींचं काय घ्यायचं होतं? गझल. ज्या गझला आपल्याकडच्या प्रत्येक मराठी मैफिलीत, दुसऱ्या पेल्यानंतर, कुणी ना कुणी गातंच. 2016 साली उरीनंतर सिनेमातल्या कलाकारांची पाळी आली. पुढे पाकिस्तानी कलाकारांवर कायमची बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि देशभक्त असण्यासाठी शेजारच्या देशातल्या माणसांशी वैर धरावं लागत नाही, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. याचिकाकर्ता सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथेही त्याला परत पाठवलं गेलं, इतकं कोतं मन ठेवू नका अशी समज देऊन.

मग पहलगाम झालं. निरपराध माणसं मारली गेली आणि त्याबद्दल आमच्या मशिदींतून निषेध झाला, मनापासून झाला. 8 मे 2025 रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटी आणि स्ट्रीमिंग कंपन्यांना सूचना काढली की पाकिस्तानातून आलेल्या मालिका, सिनेमे, गाणी, पॉडकास्ट बंद करा. ती सूचना मला पटत नाही, पण तो वेगळा वाद. युद्धसदृश दिवस होते, सरकारने कंपन्यांना काही सांगितलं. मला विचारायचं आहे ते एवढंच: त्या सूचनेत कॉलेजातल्या पोराचा उल्लेख कुठे आहे? ती कंपन्यांसाठी आहे. माणसाच्या गळ्यासाठी नाही. ठाणे जिल्ह्यात कुणी स्वतःच्या आवाजात कुठली चाल गावी, यावर बंदी घालणारा कायदा मला कुणी दाखवावा. घरी आलेल्या त्या चार-पाच जणांपैकी एकानेही कलम सांगितलं नाही. सांगणार कुठून? त्यांच्याकडे कलम नव्हतं, संख्या होती.

कायदा हाताशी असला की काय होतं तेही महाराष्ट्राने त्याच महिन्यात पाहिलं. 'कोर्ट' सिनेमात लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार आठवतात? एप्रिल 2021 मध्ये करोनाने गेले. नागपुरात त्यांच्या स्मृतीच्या कार्यक्रमात फैज अहमद फैज यांची 'हम देखेंगे' गायली गेली आणि पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं 152 कलम लावून गुन्हा नोंदवला. देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता यांना धोका पोचवण्याचं हे कलम. फैज यांनी ती कविता लिहिली तेव्हा पाकिस्तानात लष्करशहा झिया यांची सत्ता होती. झिया गेले, कविता राहिली आणि आता तिच्यावर गुन्हा नागपुरात! त्या कार्यक्रमातली माणसं आंबेडकरी चळवळीतली होती. तेव्हा हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असं समजून शेजारी खिडकी लावून बसणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आणखी एक. मुंबईकडच्या एका बँडने संतांचे अभंग गिटार-ड्रमवर घेतले, 'अभंग रिपोस्ट' त्याचं नाव. लोकांनी डोक्यावर घेतलं आणि बरोबरच केलं. मीही ऐकतो. तुकोबा-नामदेवांना बास गिटारचं वावडं नाही, ते कुठल्याही तालात उभे राहतात. मग बुल्लेशाहला गिटार लावली, इक्बालांना गिटार लावली, की ते एकदम 'घुसखोरी' कसं होतं? परंपरेला नवं वाद्य जोडणं ही एकाच्या बाबतीत कौतुकाची गोष्ट आणि दुसऱ्याच्या बाबतीत चौकशीची. हा हिशेब गाण्याचा नाही. गाणारा पोरगा बारशाला कोणतं नाव घेऊन आला, त्याचा आहे.

इथपर्यंत वाचून आपल्यातले काही जण खूश झाले असतील. आता थोडं आपल्या घरात येऊ.

'संगीत हराम आहे' हे वाक्य आमच्याकडे असं फेकलं जातं जणू चौदाशे वर्षांत त्यावर कुणी तोंडच उघडलं नाही. मौलानांचा आदर राखून सांगतो, हा मसला वादाचा आहे आणि तो पहिल्यापासून वादाचा आहे. सूरह लुकमानमधल्या 'लहवल हदीस' या शब्दांचा अर्थ काही सहाबांनी गाणं असा लावला, हे खरं. बुखारीत वाद्यांबद्दलची हदीस आहे, हेही खरं. पण त्याच बुखारीत ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्रांनी त्यांना दटावलं आणि पैगंबरांनी (स.) 'राहू दे, ईद आहे' अशा अर्थाचं सांगितलं, हेही आहे. अंदलूसचे इब्न हज्म, ज्यांना कुणी ढिला मुसलमान म्हणू शकणार नाही, त्यांनी वाद्यांविरुद्धच्या रिवायतींची सनद तपासून ती कच्ची ठरवली. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये समा या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. तुम्ही यांच्याशी असहमत असू शकता, बहुसंख्य फकीह होतेच. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरासमोर तुम्ही अर्धीच किताब उघडून बसता आणि उरलेली अर्धी झाकून ठेवता, ही इल्मची रीत नाही.

आणि आपण महाराष्ट्रात राहतो. खुलताबादला बुरहानुद्दीन गरीब झोपले आहेत. निजामुद्दीन औलियांचे मुरीद, चौदाव्या शतकात दख्खनला आले. समाची त्यांना इतकी ओढ की त्यांच्या मंडळींची समात झुलण्याची वेगळी पद्धतच 'बुरहानी' म्हणून ओळखली गेली. इस्लाम दख्खनमध्ये ज्या वाटांनी रुजला त्यातली ही एक मोठी वाट, आणि ती वाट गात आली. मिरजेला जा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तिथे राहिले, 1937 साली गेल्यावर तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द आणि सवाई गंधर्वांचे शागीर्द भीमसेन जोशी. म्हणजे ज्या आवाजात महाराष्ट्राने विठ्ठल ऐकला, त्या आवाजाचा आजा दर्ग्यात झोपलेला आहे. मिरजेतली शिकलगार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यापासून सतार-तंबोरे बनवतात. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कारागीर पाचवेळचे नमाजी आहेत. त्यांना कुणी जाऊन सांगावं की तुमची रोजी हराम आहे. आणि बार्शीचे अमर शेख? संयुक्त महाराष्ट्राची सभा त्यांच्या डफाशिवाय सुरू होत नव्हती. या सगळ्यांची नावं आपण सर्वधर्मसमभावाच्या भाषणात हार घालून घेतो आणि घरी आलो की पोराची गिटार विकायला काढतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या कोकणी मुसलमान घरांत लग्नात बायका गायच्या. हळदीला, मेंदीला, ढोलकी घेऊन, आपल्याच बोलीत. ती बोली ना धड उर्दू, ना पुस्तकातली मराठी; भिवंडी-शहापूर-मुरबाडच्या गावांतली. नवऱ्या मुलाला चिडवणारी, विहिणीची टिंगल करणारी, सासरी निघालेल्या पोरीला रडवणारी गाणी. माझ्या दादीला अशी गाणी सगळी रात्र पुरतील एवढी येत. तिच्या सुनांना त्यातली निम्मी आली. माझ्या बहिणींना चार-दोन येतात. भाच्यांना एकही नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बयान ऐकून ऐकून बायकांनी स्वतःच तोंड मिटलं. ढोलकीची जागा आधी टेपने घेतली, मग डीजेने. गाणं बंद झालंच नाही, हे लक्षात घ्या. फक्त आपलं गाणं बंद झालं आणि विकतचं आलं. एक संपूर्ण तोंडी वाङ्मय, मराठी मुसलमान बाईने रचलेलं, कुठल्याही विद्यापीठाने लिहून घ्यायच्या आत आपण आपल्या हाताने पुरलं. इज्तिमाच्या मंडपात यावर कुणी दोन आसवं गाळल्याचं मी पाहिलं नाही.

काश्मीरमधल्या मुलींचं आठवतं? 2012 च्या डिसेंबरमध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत शाळकरी मुलींच्या 'प्रगाश' नावाच्या रॉक बँडने बक्षीस मिळवलं. इंटरनेटवर शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. 2013 च्या फेब्रुवारीत तिथल्या मुफ्तींनी हे गैरइस्लामी असल्याचं जाहीर केलं आणि बँड संपला. दहावीतल्या तीन मुली होत्या. आमच्या पोराला निदान स्टेज तरी मिळालं. त्याच्या बहिणीने गिटार मागितली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती, कारण ती गोष्ट घराच्या उंबऱ्यातच मेली असती.

डीजेबद्दल मात्र मी जमातीबरोबर आहे. लग्नात डीजे वाजला तर निकाह पढवणार नाही, असं काही गावांत ठरलं आहे. ठरवा. कर्ज काढून डीजे लावणं, म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या छातीत धडकी भरवणं, रात्री दहानंतर आवाज करणं, याला माझा पाठिंबा कधीच नव्हता. ध्वनिप्रदूषणाचे नियमही 2000 सालापासून आहेत. पण आवाजाचा गुन्हा डेसिबलचा आहे, सुरांचा नाही. हजार वॅटचा भोंगा आणि सहा तारांची लाकडी गिटार यांना एका ठरावात घालणं म्हणजे ट्रॅक्टरसाठी केलेला दंड सायकलवाल्याकडून वसूल करणं.

शिवाय जमातीपुढे कामं कमी आहेत का? तानसा, मोडकसागर, भातसा, मुंबईला पाजणारी ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. आणि एप्रिल लागला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत. दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजला आणि गोदामांत लागणारी आपली पोरं मोजा. बाजूच्या पडघ्यात डिसेंबर 2023 मध्ये एनआयएचे छापे पडले तेव्हापासून या सगळ्या पट्ट्यातल्या मुसलमान पोरांकडे बघायची नजर बदलली आहे. नोकरीच्या मुलाखतीत गावाचं नाव सांगताना पोरं अडखळतात. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांचं न्यायालय बघेल. पण ज्या पोराच्या हातात गिटार आहे, जो स्टेजवर सगळ्या जातींच्या पोरांसमोर उभा राहून गातो आणि टाळ्या घेतो, त्याला तुम्ही तिथून खाली ओढता आणि खोलीत बसवता. खोलीत बसून तो मोबाईलवर काय ऐकणार, याची चौकशी कोण करणार आहे?

आता तिसऱ्या गटाकडेही वळायला हवं, नाहीतर ते टाळ्या वाजवत सुटतील. पुण्या-मुंबईचे आमचे पुरोगामी मित्र. 'जुनून'ला 'सूफी रॉक' म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतलं ते. कट्टर इस्लामला उत्तर म्हणजे सूफी संगीत, असं त्यांचं सोपं गणित आहे. सूफी म्हणजे चांगला मुसलमान, बाकीचे संशयित. मित्रहो, आम्हाला या सर्टिफिकेटची गरज नाही. आमचा पोरगा 'सयोनी' गायला ते त्याला चाल आवडली म्हणून. तो दहशतवादाविरुद्ध निवेदन देत नव्हता. मुसलमानाने गाणं म्हटलं की त्याला 'संदेश' चिकटवायचा आणि नाही म्हटलं की त्याला 'कट्टर' म्हणायचं, यात त्याला नुसतं गायची मोकळीक कुठे उरते?

आणि संगीताने माणूस आपोआप शहाणा होतो असंही नाही. याच 'जुनून'चा गायक अली अजमत पुढे, 2009-10च्या सुमारास, झैद हामिद या युद्धखोर, कटकारस्थानी बडबड करणाऱ्या माणसाबरोबर टीव्हीवर बसायला लागला. इक्बालांच्याच नावाचा कार्यक्रम होता. दुसरीकडे सलमान अहमदने 2003 च्या माहितीपटात पेशावरकडच्या मदरशांत जाऊन मौलवींना तोंडावर विचारलं की कुराणात संगीतबंदी कुठे आहे ते दाखवा. त्या वेळी त्या प्रांतातल्या मजहबी पक्षांच्या सरकारने बसगाड्यांतलं संगीतसुद्धा बंद केलं होतं. मे 2008 मध्ये दहशतवादी गटांच्या धमकीला न जुमानता दल सरोवराकाठी गायलाही तो उभा राहिला. एकाच बँडची दोन माणसं, दोन वाटा. म्हणून मी 'आझादी'ची वकिली करतो ती त्यातल्या माणसांची नाही. अल्बम चांगला आहे, अर्धा का होईना, आणि तो ऐकायचा की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचं आहे.

या लेखावर दोन्हीकडून फोन येतील याची कल्पना आहे. ग्रुपवाल्यांनी फोन करताना कलम हाताशी ठेवावं. जमातीच्या बुजुर्गांना माझी विनंती वेगळी आहे. पुढच्या बैठकीत डीजेचा ठराव येणार आहे असं ऐकतो. त्यात गिटारचं नाव घालू नका, दोन विषय वेगळे ठेवा. आणि तिसरा विषय जोडा: पोराच्या घरी येऊन माफी लिहून घेणाऱ्यांच्या विरोधात त्याच्या बापाला तक्रार द्यायची असेल, तर पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर जमातीतले कोण कोण जाणार, त्यांची नावं त्याच कागदावर लिहा. पहिलं नाव माझं घाला.